सोफ्यापासून टीव्हीपर्यंत दहा फूट

आमच्या घरातला डीव्हीडी प्लेअर हल्ली डिस्क गिळतो, थोडा वेळ आतल्या आत कुरकुरतो आणि ‘नो डिस्क’ असं लिहून मोकळा होतो. त्याच्या जोडीला पाच स्पीकर आणि एक सबवूफर सांभाळणारा जुना ॲम्प आहे, तो मात्र ठणठणीत. टीव्ही त्रेचाळीस इंची, फोर-के. कारण आता दुकानात बहुतेक तेच दिसतात. तेव्हा प्लेअर बदलायचाच आहे तर डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्राच्या चकतीचा, म्हणजे ब्लू-रे, का नको, आणि ब्लू-रेच घ्यायचा तर एकदम फोर-के का नको, हा प्रश्न ओघानेच आला.

आजच्या दिवसात असा प्रश्न विचारणाऱ्या माणसाकडे लोक जरा काळजीने बघतात. पुण्याच्या तपकीर गल्लीत चौकशी केली तेव्हा दुकानदार काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, “साहेब, डिस्क आता कोण लावतं? पेन ड्राइव्ह मारा टीव्हीला.” भाचा म्हणाला, “मामा, सगळं ॲपवर आहे.” बायको काही म्हणाली नाही. ती फक्त शोकेसच्या खालच्या खणाकडे बघून हसली. तिथे आमच्या डिस्क असतात आणि त्या खणाचं दार गेली कित्येक वर्षं नीट लागत नाही.

गंमत म्हणजे हाच प्रश्न २००७ च्या सुमारास फार मानाचा होता. न्यू जर्सीला असलेला एक कॉलेजमित्र फोनवर मुलांची चौकशी उरकून लगेच या विषयावर यायचा: कुठल्या बाजूला जायचं? कारण तेव्हा बाजू दोन होत्या, एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे. २००६ च्या एप्रिलमध्ये तोशिबाने अमेरिकेत एचडी डीव्हीडीचा पहिला प्लेअर आणला, ४९९ डॉलरला. जूनमध्ये सॅमसंगचा ब्लू-रे आला, तो हजार डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या भावाने पंचेचाळीस हजारांच्या घरात. एका पेटीची चकती दुसरीत चालत नव्हती.

दोन्हींच्या पोटात एकाच जातीचा निळा-जांभळा लेझर होता, ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा. डीव्हीडीचा लाल लेझर ६५० चा. तरंगलांबी कमी झाली की प्रकाशाचा ठिपका बारीक होतो, आणि ठिपका बारीक झाला की त्याच बारा सेंटिमीटरच्या चकतीवर जास्त मजकूर बसतो. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी मावत, तिथे एचडी डीव्हीडीत १५ आणि ब्लू-रेत २५ मावू लागले. लेझर एकच असून हा दहा जीबींचा फरक कुठून आला, हे समजून घेताना मला खरा रस वाटू लागला. ब्लू-रेवाल्यांनी मजकुराचा थर चकतीच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत ठेवला होता. एचडी डीव्हीडीने तो जुन्या डीव्हीडीइतकाच, ०.६ मिलिमीटर खोल ठेवला. थर वर आणल्यामुळे जास्त ताकदीचं भिंग वापरता आलं आणि ठिपका आणखी बारीक झाला. पण मग चकती ओरखड्यांना नाजूक झाली, तिच्यावर कडक लेप चढवावा लागला, कारखान्यातली यंत्रं बदलावी लागली. तोशिबाचं म्हणणं साधं होतं: आमची चकती डीव्हीडीच्याच यंत्रांवर थोड्या फेरफाराने निघते, तर एवढा खटाटोप कशाला? मला मनातून तोशिबाचं पटायचं. काटकसरी माणसाला असलं म्हणणं पटतंच.

पण गिऱ्हाइकाला थर दिसत नसतो. त्याला चित्रपट दिसतात. सोनी, डिस्ने, फॉक्स हे ब्लू-रेकडे. युनिव्हर्सल एचडी डीव्हीडीकडे. वॉर्नर आणि पॅरामाउंट दोन्हीकडे. २००७ च्या ऑगस्टमध्ये पॅरामाउंटने ब्लू-रेचा हात सोडला. नोव्हेंबरात वॉलमार्टने तोशिबाचा प्लेअर ९८ डॉलर ८७ सेंटला काढला तेव्हा मित्र रात्री अपरात्री फोन करून म्हणाला, “आता घेऊ का रे?” मी म्हटलं, जानेवारीपर्यंत थांब. यात दूरदृष्टी वगैरे काही नव्हती. पैसे त्याचे होते आणि थांबायचा सल्ला देणं नेहमीच सोपं. पण ४ जानेवारी २००८ ला वॉर्नरने एकट्या ब्लू-रेला जवळ केलं आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडीचा कारभार गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. व्हिडिओ कॅसेटच्या काळात ज्या सोनीचं बीटामॅक्स व्हीएचएसपुढे हरलं होतं ती या वेळी जिंकली. त्या बीटामॅक्सची यंत्रं एकेकाळी तोशिबाही बनवायची, त्यामुळे तोशिबाच्या वाट्याला मात्र दोन्ही वेळा हरलेलीच बाजू आली.

हे सगळं अमेरिकेत चाललं होतं तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं? आपल्याकडे मोझर बेअर आली होती. नोएड्यात कोऱ्या चकत्या बनवणारी ही कंपनी घरगुती व्हिडिओच्या धंद्यात उतरली आणि व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला लागली. भाजी घ्यायला गेलेला माणूस कोथिंबिरीबरोबर एक चित्रपट घेऊन यायचा. तिकडे हजार डॉलरच्या यंत्रावरून हाणामारी आणि इकडे चौतीस रुपयांत तीन तास. आमचा खालचा खण भरला तो त्याच काळात. हाय-डेफिनिशनची लाट आपल्या मध्यमवर्गीय घरांत फार मोठी आलीच नाही, त्याचं एक कारण मला हे वाटतं: ज्या वर्षांत ब्लू-रे स्वस्त व्हायला हवा होता त्याच वर्षांत डीव्हीडी जवळजवळ फुकट झाली. आणि ब्लू-रे आवाक्यात येईतो लोकांच्या हातात इंटरनेट आलं. पुढे मोझर बेअरही बुडाली.

आता त्या खणात काय आहे ते सांगायला हवं, कारण दुकानदाराने ते विचारलं नाही. थोडे इंग्रजी चित्रपट, मित्राने धाडलेले. पुष्कळ हिंदी, त्यातल्या काही डिस्कवर दोन-दोन, तीन-तीन चित्रपट कोंबलेले आणि कोपऱ्यात कंपनीचा शिक्का अखेरपर्यंत चिकटलेला. मराठी चित्रपट. आणि सर्वांत जास्त म्हणजे मराठी नाटकांच्या व्हीसीडी.

व्हीसीडी, म्हणजे साध्या सीडीवर भरलेला व्हिडिओ, ही जमात नव्या वाचकांना माहीत नसेल. तिचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०. म्हणजे फोर-के टीव्हीवर व्हीसीडी लावली की तिचा एकेक ठिपका ऐंशीहून जास्त ठिपक्यांवर पसरतो. नटाचे ओठ हलताना दिसतात, पण डोळे कुठे बघताहेत ते आवाजावरून ओळखावं लागतं. एका चकतीवर सव्वा तासाच्या आसपास मजकूर, त्यामुळे नाटक दोन-तीन चकत्यांवर. अंकाची आणि चकतीची सांगड घालायची तसदी प्रत्येकाने घेतलेली नसते. चकती बदलेपर्यंत सासरेबुवांचा उचललेला हात तसाच हवेत राहतो.

पण हीच डिस्क आमच्या घरी सर्वांत जास्त फिरते. आईचं वय झालंय, बालगंधर्वला जाणं आता होत नाही. ती दुपारी खुर्ची ओढून टीव्हीच्या पुढ्यात बसते आणि पाठ असलेलं नाटक पुन्हा बघते.

“आई, डोळे दुखतील. जरा मागे बस ना.”

“मोतीबिंदू काढलाय माझा, तुझा नाही. तुला तिथून काय दिसतंय ते तू बघ.”

तिच्या या वाक्यामुळे मी टेप घेऊन मोजामाप केलं. सोफ्यापासून टीव्ही दहा फूट. नेत्रतज्ज्ञ ज्याला उत्तम नजर म्हणतात ती ढोबळमानाने एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखते. दहा फुटांवर हा तपशील म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर. आता त्रेचाळीस इंची टीव्हीची उंची सुमारे ५३ सेंटिमीटर. आपल्याकडच्या डीव्हीडीत ५७६ आडव्या ओळी. एक ओळ ०.९ मिलिमीटरच्या किंचित वर. ब्लू-रेत १०८० ओळी. एक ओळ अर्धा मिलिमीटर. फोर-केत पाव. म्हणजे माझ्या सोफ्यावरून माझ्या टीव्हीकडे बघताना डीव्हीडीच नजरेच्या कडेपर्यंत पोचलेली आहे, आणि ब्लू-रेच्या वरचा सगळा तपशील माझ्यासाठी छापलाच जात नाही असं समजायला हरकत नाही. टीव्ही पंचावन्न इंची घेतला तर डीव्हीडीची ओळ १.२ मिलिमीटरची होते, भुरकटपणा जाणवतो, ब्लू-रे तिथे खरा कामाला येतो. फोर-केचे ठिपके मात्र तरीही दहा फुटांवर वायाच.

या हिशोबाला अर्थात मर्यादा आहेत. डोळा म्हणजे काही फूटपट्टी नव्हे. तिरप्या कडा, केस, अक्षरं यांत तो याहून बारीक फरक पकडतो. शिवाय डिस्कची गुणवत्ता नुसत्या ओळींत नसते. फोर-के डिस्कवर उजेड आणि अंधार यांच्यातलं अंतर जास्त ताणता येतं, रंग जास्त असतात, आणि ते लांबूनही कळतं. धुकं, पाऊस, समुद्राचं पाणी असं काही आलं की ॲपवरचं चित्र चौकोनी चौकोनी होतं, कारण नेटफ्लिक्स फोर-केसाठी सेकंदाला १५ मेगाबिटचं कनेक्शन पुरे म्हणतं आणि फोर-के डिस्क शंभरच्या वरही जाऊ शकते. हा फरक मी भावाच्या मोठ्या पडद्यावर पाहिलाय आणि तो खरा आहे.

तर आमच्या घरात ब्लू-रेचा, नव्हे फोर-केचा फायदा मिळेल इतक्या जवळ बसणारी व्यक्ती एकच, आणि ती व्हीसीडी बघते.

हिशोब इथे संपत नाही. नवा प्लेअर घेतला तर तिची व्हीसीडी त्यात चालेल का? कित्येक नव्या प्लेअरच्या यादीत व्हीसीडीचं नावच नसतं. भाच्याने सुचवलेला मार्ग, म्हणजे डिस्क ड्राइव्हवालं प्लेस्टेशन ५, फोर-के डिस्क लावतं. पण साधी गाण्याची सीडीदेखील लावत नाही. बढतीच्या नावाखाली खालचा अर्धा खण मुका होणार.

आणि वरच्या अर्ध्यासाठी तरी नव्या चकत्या कुठल्या घ्यायच्या? इंग्रजी मिळतील, जपानी मिळतील. सत्यजित राय यांचे चित्रपट अमेरिकेतल्या क्रायटेरियनने देखण्या ब्लू-रेवर काढलेत. मराठी शोधायला बसलो तेव्हा मात्र नाव घ्यावं असं काही हाती लागलं नाही. ही गोष्ट मला प्लेअरपेक्षा जास्त डाचते. पस्तीस मिलिमीटरच्या मूळ निगेटिव्हमध्ये १०८० ओळींहून पुष्कळ जास्त तपशील असतो; म्हणजे साठ वर्षांपूर्वीचा मराठी चित्रपटसुद्धा तत्त्वतः हाय-डेफिनिशनच आहे. फक्त निगेटिव्ह किंवा चांगली प्रिंट हवी आणि ती कुणीतरी साफ करून स्कॅन करायला हवी. पुण्यात राहून हे लिहिताना ८ जानेवारी २००३ ची आग आठवल्याशिवाय राहत नाही. फिल्म इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या, आवारात चित्रपट संग्रहालयाची जुनी नायट्रेटची रिळं ठेवली होती; ती त्या दिवशी जळाली. नायट्रेट पेट घेतं तेव्हा पाण्यालाही दाद देत नाही.

काम होतच नाही असंही नाही. गुजरातच्या शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये काढून उभा केलेला १९७६ चा ‘मंथन’ मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने नव्याने घडवला, तो २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि पुढे आपल्याकडे थिएटरातही आला. त्यात स्मिता पाटील आहेत, गिरीश कर्नाड आहेत, डॉ. मोहन आगाशे आहेत. म्हणजे अर्धं गणगोत आपल्याच बाजूचं. पण मराठी भाषेतल्या चित्रपटांना अशी रांग लागलेली दिसत नाही. प्रवाहावर, म्हणजे ॲपवर आणि यूट्यूबवर, जे मराठी जुनं दिसतं ते बहुतेक वेळा याच डीव्हीडी-व्हीसीडीसाठी केलेल्या टेपमधून आलेलं असतं असा माझा, चित्राकडे बघून बांधलेला, अंदाज आहे. तोच शिक्का, तीच कापलेली कड.

आवाजाबद्दल थोडक्यात सांगतो, नाहीतर हा लेख ॲम्पचा होईल. डीव्हीडीवरचा डॉल्बी डिजिटल आवाज जास्तीत जास्त सेकंदाला ४४८ किलोबिट. ब्लू-रेवर काटछाट न केलेला ट्रू-एचडी किंवा डीटीएस-एचडी असतो, आणि माझ्या मते हाय-डेफिनिशन चकतीचं खरं सोनं चित्रात नाही, तिथे आहे. पण तो आवाज जाड करड्या ऑप्टिकल केबलमधून जात नाही, त्याला एचडीएमआय लागतं, आणि आमच्या ॲम्पला एचडीएमआयचं भोक नाही. जुन्या ॲम्पला ब्लू-रेकडून साधा डॉल्बी मिळतो, तोही ६४० किलोबिटपर्यंतचा, म्हणजे डीव्हीडीपेक्षा बराच. पण त्यासाठी प्लेअरला ऑप्टिकल आउटपुट हवं, आणि काही प्लेअरनी ते काढूनच टाकलंय. मग नवा प्लेअर म्हणजे नवा ॲम्प. नव्या ॲम्पला सात-नऊ स्पीकरची सोय, तर छताला दोन लावू. छताला लावायचे तर पीओपी फोडा. एका प्लेअरपायी घर उभं-आडवं चिरण्याची ही साखळी मी मित्रमंडळींच्या घरी पाहिली आहे. आणि एवढं करून रात्री साडेदहाला सबवूफर चालू केला की खालच्या मजल्यावरून इंटरकॉम वाजणारच. आमच्या खालचे आजोबा फार सभ्य आहेत, ते फक्त विचारतात, “बरं चाललंय ना वर?”

डिस्कच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो भाच्याला अजून पटलेला नाही. २०२३ च्या डिसेंबरात सोनीने प्लेस्टेशनच्या गिऱ्हाइकांना कळवलं की त्यांनी पैसे मोजून विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम वर्षअखेरीस त्यांच्या संग्रहातून काढले जातील. ओरडा झाल्यावर आणि परवान्याचं जमल्यावर ते राहिले, पण विकत घेतलेली गोष्ट कुणीतरी लांबून उचलून नेऊ शकतो, हे त्या महिन्यात सगळ्यांना कळलं. चकती कपाटातून कुणी नेत नाही. नेली तर शेजारी नेतो, आणि त्याचं नाव आपल्याला माहीत असतं.

उलट बाजूने बाजार सांगतो की दार मिटत चाललंय. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बंद केले, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेत नवे आणणं थांबवलं, नेटफ्लिक्सने २०२३ च्या सप्टेंबरात शेवटची डीव्हीडी टपालात टाकली, सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत कोऱ्या ब्लू-रे चकत्या बनवणं सोडलं. सोय एकच झाली: फोर-के डिस्कला प्रदेशाचं कुलूप नाही. मित्राने पाठवलेल्या अमेरिकन डीव्हीडी आमच्याकडे चालाव्यात म्हणून रिमोटवर गुप्त आकडे दाबायचे दिवस होते. ब्लू-रेमध्येही अमेरिका ‘ए’ आणि भारत ‘सी’. फोर-केवाल्यांनी ही कटकट ठेवली नाही. दार मिटताना का होईना, कुलूप काढलं.

मग काय ठरलं? प्लेअर आत्ता नाही. तपकीर गल्लीतच दुसऱ्या एका दुकानात जुन्या प्लेअरचं लेन्स युनिट बदलून मिळतं असं कळलंय, माणसाने पेटी उघडून पाहिली आणि म्हणाला, “होऊन जाईल, शनिवारी या.” नाटकांच्या व्हीसीडी संगणकावर उतरवून घ्यायला मी सुरुवात केली आहे. आत साध्या डॅट फायली असतात, हार्ड डिस्कवर एका नाटकाला दीड-दोन जीबी लागतात, आणि सलग जोडल्या की सासरेबुवांचा हात एकदाचा खाली येतो. काही चकत्यांच्या कडेला बुरशीसारखे डाग दिसू लागलेत, त्या आधी घेतोय. पैसे खर्च करायचेच झाले तर पहिल्यांदा ॲम्प, एचडीएमआयवाला, पाचच स्पीकरचा. छताला हात लावायचा नाही, यावर बायकोचं आणि माझं चटकन एकमत झालं.

सोफा अडीच फूट पुढे ओढायचा प्रस्ताव मी मांडला होता. साडेसात फुटांवर डीव्हीडी उघडी पडते आणि ब्लू-रे घ्यायला रीतसर कारण मिळतं. बायको म्हणाली, “आणि माणसं जाणार कुठून?” तेव्हा तो मुद्दा तूर्त मागे पडला आहे. मात्र प्रभातचा एखादा चित्रपट कुणी नीट घडवून चकतीवर काढला, तर दुसऱ्या दिवशी प्लेअर आणीन आणि सोफा भिंतीला लावून जमिनीवर बसेन, असं मी घरात सांगून ठेवलंय. आई म्हणाली, “मी खुर्ची हलवणार नाही.”